ज्या वर्गात गुरुजी नसतात

पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत भेटीला गेलो की मी फळ्याकडे फार बघत नाही. गुरुजी पहिली-दुसरीला घेऊन बसलेले असतात, तेव्हा मी मागे तिसरी-चौथीच्या मुलांत जाऊन बसतो. त्यांना काम काय दिलंय, अडलं तर ती कुणाला विचारतात, काम संपल्यावर काय करतात, ते बघतो. शिक्षक प्रशिक्षणात इतकी वर्षं काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की इथल्या शिक्षकाचं कसब त्याच्या समोरच्या वर्गात अर्धंच दिसतं.

कारण पट. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधली कितीतरी बिऱ्हाडं कामधंद्यासाठी मुंबईला गेलेली. साठ मुलं आणायची कुठून? म्हणजे दोघांत चार-पाच इयत्ता, आणि एक जण बैठकीला गेला की सगळी शाळा दुसऱ्यावर. निम्मी मुलं कायम शिक्षकावाचून बसलेली असतात.

आपली प्रशिक्षणं मात्र इयत्तावार आणि विषयवार, समोर एकच वर्ग आहे असं धरून आखलेली. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांना १९५३ सालीच एकशिक्षकी शाळेवर वेगळं पुस्तक लिहावंसं वाटलं होतं. पुढे ते सदस्य-सचिव असलेल्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) जवळच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावं म्हणून शाळा-संकुलाची कल्पना मांडली. आजच्या केंद्रशाळेमागे तोच विचार आहे. केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते, पण तिचा बराच वेळ माहिती भरण्यात आणि परिपत्रकं वाचण्यात जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका बाईंच्या शाळेत तिसरीतल्या मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं होतं. मी शेरेबुक बाजूला ठेवलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. त्या क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोनातून सात जात नाहीत ना सर, म्हणून त्याने सातातून दोन काढले." मुलाची चूक आतून वाचता येणं ही या पेशातली खरी विद्या आहे. पण बाईंना तेवढ्यावर थांबून चालणार नव्हतं; पलीकडे पहिली खोळंबली होती. त्यांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे त्या मुलाला आणि चौथीच्या एका मुलीला दिले आणि सांगितलं, गठ्ठा सोडल्याशिवाय वजाबाकी करायची नाही, दर वेळी काय केलंत ते एकमेकांना बोलून दाखवायचं. मग त्या पहिलीकडे वळल्या, आणि मागे दोघांचं काम चालू राहिलं.

शिक्षण परिषदेत त्यांनी हे सांगितलं तेव्हा एका गुरुजींनी विचारलं, "पहिलीची पोरं रडत असताना हे जमतं कसं?" त्या प्रश्नावर जी चर्चा झाली, तशी मी कुठल्या सभागृहात ऐकलेली नाही.

पण अशी चर्चा व्हायची तर आधी कुणीतरी मागे बसून वर्ग बघायला हवा, आणि तिथेच अडतं. शाळा उघडते जूनच्या मध्यावर. पहिलीची अक्षरओळख भर पावसात होते आणि नेमक्या त्याच महिन्यांत दरडी, ओढे, बंद रस्ते यांमुळे आमच्या भेटी थांबतात. दिवाळीनंतर जाऊन शेरा लिहिण्यात अर्थ नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की पायी गाठता येतील अशा दोन-दोन शाळांच्या जोड्या मे महिन्यातच ठरवाव्यात, आणि महिन्यातून एक दिवस एका शिक्षकाने दुसऱ्याच्या शाळेत मागच्या रांगेत बसण्याला अधिकृत काम म्हणून मान्यता द्यावी.