तुपाची बरणी घरीच बरी

मूल उन्हाळ्यात युरोपला शिकायला निघाले, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "तिकडे सगळे मिळते." दुसरा म्हणतो, "मिळत असेल हो, पण केवढ्याला?" विजय नेहमी दुसऱ्या पक्षाचा होतो आणि बॅग फुगत जाते. मी विद्यार्थी म्हणून हायडेलबर्गला राहिलेला माणूस. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात कुणी जर्मनीचे तिकीट काढले, की बॅग तपासायला मला बोलावणे येते. यंदा पाळी पुतणीची होती. हायडेलबर्गचे विद्यापीठ १३८६ सालचे, जर्मनीतले सर्वांत जुने. तेथे ऑगस्टमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी जर्मन भाषेचा उन्हाळी वर्ग भरतो. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला श्रावण!

वहिनींनी बॅगेच्या तळाशी साजूक तुपाची बरणी ठेवली होती. तीन पिशव्यांत गुंडाळून, वर पंचाची घडी घालून.

"वहिनी, ही काढावी लागेल."

"भावजी, तूपसुद्धा नको? तूप म्हणजे काय दारूगोळा आहे?"

दारूगोळा नव्हे; पण युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर आणायला मनाई आहे. जनावरांचे रोग त्यांच्या गोठ्यांत शिरू नयेत, हे कारण. तूप, पेढे, बर्फी, खवा सगळे त्यात आले. हापूसचेही तेच. फळ नेण्यासाठी ते कीडमुक्त असल्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते. २०१४ साली तर फळमाशीपायी भारतातल्या आंब्यांवर तिकडे सरसकट बंदीच आली होती. ती पुढच्या वर्षी उठली. प्रमाणपत्रातून सूट आहे ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि डुरियन या पाच फळांना. नारळ चालतो हे ऐकताच वहिनी स्वयंपाकघरात निघाल्या, त्यांना मीच अडवले. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र मी हौसेने ठेवू दिले. परक्या गावात पहिल्या रात्री मेतकूट-भातासारखे औषध नाही.

खरा प्रश्न वजनाचा. विमानकंपनी किती किलो नेऊ देते ते तिकिटावर छापलेलेच असते, पण तो आकडा विमानासाठी असतो, माणसासाठी नव्हे. फ्रँकफुर्टच्या विमानतळाखालीच आगगाडीचे स्टेशन आहे. तेथून हायडेलबर्गला जाताना बहुधा मानहाइमला गाडी बदलावी लागते. हाताशी थोडी मिनिटे, फलाट दुसरा आणि हमाल नाही. लिफ्ट असते, पण ती शोधून वर येईपर्यंत गाडीचे शेपूट दिसते. म्हणून माझी कसोटी साधी: भरलेली बॅग घेऊन मुलाने स्वतः आपल्या इमारतीचे तीन जिने चढावेत. आमची पुतणी दुसऱ्याच जिन्यावर बसली. मग दोन स्वेटर, कुकर आणि इस्त्री बाहेर आली. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांना काळजी कुकरची नव्हतीच. पोर पहिल्यांदाच एकटी निघाली होती आणि बरोबर पाठवता येईल तेवढे घर त्या पाठवत होत्या.

या गाडीच्या तिकिटाचीही एक मेख आहे. जर्मन रेल्वेची स्वस्त तिकिटे ठराविक गाडीलाच बांधलेली असतात. विमानाला उशीर झाला की ते तिकीट वाया. विमानतळावरून निघताना तरी थोडे जास्त पैसे देऊन मोकळे तिकीट घ्यावे. (जर्मन गाड्या घड्याळावर चालतात असे आपण ऐकत आलो. ते आता विसरावे.)

कपड्यांचे फार अवडंबर नको. ऑगस्टमध्ये दुपारी घामाच्या धारा लागतात, घरांत पंखे क्वचितच, आणि संध्याकाळी पाऊस आला की अंगावर काटा येतो. एक पातळ स्वेटर, एक रेनकोट पुरे. जुन्या गावातल्या गल्ल्या दगडी फरशीच्या. तेव्हा बूट महिनाभर वापरून मऊ केलेले असावेत. जाड टॉवेलऐवजी पंचा न्यावा, रात्री धुतला की सकाळी वाळतो. विजेचा दाब आपल्याइतकाच, पण लॅपटॉपची आपली तीन दांड्यांची पिन तिकडच्या भिंतीत बसत नाही; अ‍ॅडॉप्टर येथूनच घ्यावा.

कागदपत्रे हातातल्या पिशवीतच हवीत. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि त्यासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. रोजची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठीही जोडावी.

रविवारी तिकडे दुकाने बंद. शनिवारीच दूध-पाव आणून ठेवावा. अगदीच अडले तर मोठ्या स्टेशनातली दुकाने उघडी असतात. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली फेकू नये. घेताना तिच्यावर २५ सेंट अनामत भरलेली असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. खरे तर नळाचे पाणीच प्यावे, ते उत्तम असते.

आणि परके वाटेल म्हणावे तर याच गावच्या विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था आहे. आपल्या खंडोबाचा आणि धनगरांचा अभ्यास करणारे ग्युंथर सोन्थायमर तेथलेच. जेजुरीचा देव नेकरकाठी पोचला, तेव्हा आपली पोरगीही रुळेल, असे मी वहिनींना सांगितले. त्यांना ते पटले असावे, कारण पुढचा प्रश्न थेट फोनचा आला. तिकडचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले की तिकडे साडेपाच, वर्ग सुटलेला. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे पोर बाहेर हिंडत असणार. तेव्हा आपल्या मध्यरात्री "अजून घरी कशी नाहीस?" म्हणून फोन करू नये. वहिनींनी तो पहिल्याच रात्री केला.