नाव बदलताना

नावे ठेवण्यात आपण पटाईत, तसे नावे बदलण्यातही. लग्नघरी तबकात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात वधूचे नवे नाव लिहितो, पेढे वाटले जातात आणि काम संपते. वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव, माहेरच्या जागी सासरचे आडनाव; काही घरांत तर पाळण्यातले नावही जाते. तांदळातली जुनी अक्षरे हाताने सारखी करता येतात. संगणकातली तशी येत नाहीत, हे मला मुलुंडच्या एका वाचनालयात कळले.

तिथे मी संध्याकाळी मदतीला जातो. कोणाचा कार्यक्रम, कधी, कुठल्या खोलीत, याची दिनदर्शिका संगणकावर आहे. माझी मावसबहीण तिथे सहा वर्षे दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगत असे. लग्नानंतर तिने नवे नाव नोंदवले. दोन महिन्यांनी शाळेतल्या नोकरीसाठी तिला अनुभवाचा दाखला हवा होता. तिचे पान उघडले, तर लग्नाआधीचा एकही शनिवार नाही; उलट योगासनांचे वर्ग! ताई म्हणाली, "अरे, मला धड मांडी घालून बसता येत नाही!"

त्याचे असे झाले. संगणकात ही माहिती निरनिराळ्या तक्त्यांत असते: एकात सभासद, दुसऱ्यात कार्यक्रम, तिसऱ्यात आमंत्रणे. ते एकमेकांशी जोडायला एक खूण लागते. इथे ती खूण म्हणजे नाव आणि आडनाव. ताईचे नाव बदलले ते फक्त सभासदांच्या तक्त्यात. बाकीचे दोन माहेरचे नाव धरून बसले. त्यातून तिचे सासरचे नाव आणि योगासने शिकवणाऱ्या बाईंचे नाव अगदी सारखे. संगणकाच्या लेखी दोघी एकच.

जुने नाव खोडून सगळीकडे नवे घालावे, असे एकाने सुचवले. तसे केले असते तर दोघींच्या नोंदी कायमच्या मिसळल्या असत्या. वाचनालयातल्या दादांनी आधी सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवली. मग प्रत्येक सभासदाला एक क्रमांक दिला आणि तिन्ही तक्त्यांत नावाच्या जागी तो एकाच दमात घातला. मध्येच वीज गेली तर सारे पूर्ववत व्हावे, अशा बेताने. अर्धवट बदल सर्वांत वाईट. शेवटच्या दोन महिन्यांची सरमिसळ यंत्राला सोडवता येईना, ती आम्ही सूचनावही समोर ठेवून हाताने सोडवली. आता नाव एकाच जागी असते. बदलले तर तिथेच बदलायचे.

आपल्या शहराचेच पाहा ना. १९९५ मध्ये बॉम्बेचे अधिकृतपणे मुंबई झाले. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसला शिवछत्रपतींचे नाव मिळाले, २०१७ मध्ये त्याला 'महाराज' जोडले गेले, २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. पण अंधेरीजवळच्या विमानतळावर उतरणाऱ्या सामानाच्या चिठ्ठीवर 'बी-ओ-एम' हीच तीन अक्षरे आजही असतात. ती आता नाव नाहीत, खूण आहेत. खूण तीच राहिली म्हणून शहराचे नाव बदलले तरी पेट्या वाट चुकल्या नाहीत.

दादांच्या मते काम इथे संपले होते. ताई मात्र म्हणाली, "नोंदी माझ्या मला मिळाल्या, हे छान झालं. पण त्या शनिवारी फळ्यावर माझं जे नाव होतं, ते का पुसता?"

प्रश्न बरोबर होता. मुलांनी गोष्टी ऐकल्या त्या त्या नावाच्या ताईकडून. मग दादांनी चौथा तक्ता केला: क्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. जुना कार्यक्रम उघडला की त्या दिवशीचे नाव दिसते, आणि आजचे नाव शोधले तरी तो सापडतो. ताईच्या दाखल्यावर दोन्ही नावे आली.

नवे नाव कोणी हौसेने घेते, कोणी रीत म्हणून, कोणी घेतही नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. वही सांभाळणाऱ्याने एवढेच पाहावे, की नाव बदलले म्हणून कोणाचे शनिवार हरवू नयेत.