चमचाभर तेलाचा हिशेब

वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले की सगळे मिटले, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या घरचा अनुभव निराळा आहे. खरे काम ऑपरेशननंतर सुरू होते आणि ते स्वयंपाकघरात करावे लागते. हे ऑपरेशन आता कष्टकऱ्यांच्या घरांतही होऊ लागले आहे, म्हणून आम्ही दोघी धाकट्या जावा मिळून हे चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही ताई म्हणतो. नागपुरात एका खानावळीत त्या पोळ्या लाटतात. दिवसाचे आठ तास उभ्याचे काम. वजन 118 किलो, त्यात मधुमेह, आणि गुडघे उभे राहू देईनात. काम सुटले असते तर पुतणीचे कॉलेज सुटले असते. 2022 साली ताईंचे बायपासचे ऑपरेशन झाले. भेटायला आलेल्या शेजारणी विचारीत, "हृदयाचा त्रास कधीपासून होता?" हा बायपास हृदयाचा नव्हे, पोटाचा, हे सांगता सांगता आम्ही थकलो.

या ऑपरेशनात जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करतात. सुमारे 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी उरते. ती लहान आतड्याला पुढच्या भागात जोडतात. त्यामुळे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते. यकृतातले पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्याला नेहमीपेक्षा पुढे जाऊन भेटतात. तेलतूप पचवायला तर हे दोन्ही लागतात. म्हणून एका वेळी जास्त तेल पोटात गेले तर त्यातले काही न पचताच बाहेर पडते. शौच पातळ, फिकट, तेलकट होते, पाण्यावर तरंगते, फार घाण वास येतो.

तिसऱ्या महिन्यात ताई साध्या जेवणावर आल्या. तेव्हाच नात्यात हळदीचे जेवण निघाले. तर्रीदार मटण, सांबारवडी, गोड बुंदी. "किती वाळलीस बाई, खा जराशी," असे जो तो म्हणे. त्या रात्रीपासून ताईंचे पोट बिघडले. त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. खानावळीत बायकांना एकच संडास, बाहेर रांग. त्या धास्तीने ताईंनी तेल पार बंद केले. नुसते उकडलेले खात. काही दिवस कामावर उपाशीच जात. केस गळू लागले, जिना चढताना धाप लागे. शेवटी पुतणीने खोदून खोदून विचारले आणि त्यांना घेऊन ती दवाखान्यात गेली.

तिथे जे समजले ते आम्हा सर्वांना नवे होते. तेल जास्त झाले तर त्रास, हे खरे. पण तेल अजिबात सोडणेही बरे नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांबरोबरच अंगी लागतात. अ जीवनसत्त्व फार कमी झाले तर रातांधळेपणा येतो. दुसरे असे, की वजन झपाट्याने उतरत असताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतोच. जेवणात तेल नसले तर पित्ताशय नीट रिकामे होत नाही, पित्त साचते आणि तो धोका वाढतो. आहारतज्ज्ञ बाईंनी ताईंना दिवसाला तीन लहान चमचे तेल ठरवून दिले आणि बजावले, की ते एका जेवणात न संपवता दिवसभरात वाटून घ्या. हा आकडा ताईंचा. दुसऱ्या रुग्णाने आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

दवाखान्याचा कागद इंग्रजीत होता. पुतणीने तो मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ओट्यावर चिकटवला. मग आम्ही घराचाच हिशेब मांडला. सात माणसांना महिन्याला पाच लिटर तेल लागत होते. आता साडेतीन लिटर पुरते. ताईंसाठी वेगळी हंडी चढवली नाही. आजारी माणसाचे ताट वेगळे पडले की त्याचे जेवणातले मन उडते. फोडणी चमच्याने मोजून घालतो. कांदा करपू लागला तर तेलाऐवजी पाण्याचा शिपका देतो. रस्सा निवला की वर आलेली तर्री वाटीने काढून घेतो. कोंबडीची कातडी काढून टाकतो. दुधावरची साय काढतो.

दिसत नाही ते तेलही मोजावे लागते. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. वाटणात मूठभर खोबरे घालून वर "तेल कमी घातले" म्हणण्यात अर्थ नाही. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, एक ग्रॅम प्रथिनात 4. पिशवी एवढीशी असल्यामुळे ताटात आधी प्रथिने खायची. ताईंना दिवसाला किमान 60 ग्रॅम लागतात. एका अंड्यातून साधारण 6 ग्रॅम मिळतात. घट्ट वरण, अंडी, मासळी, सोयाबीनच्या वड्या यांवर आमचा भर आहे. वड्यांत तेल नावालाच असते आणि त्या खिशालाही परवडतात.

घास बारीक चावायचा. जेवताना पाणी प्यायचे नाही, अर्ध्या तासाने प्यायचे. गोडाने होणारा त्रास निराळा. खाल्ल्यावर थोड्या वेळात घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होतात. म्हणून कशाने काय होते, हे ताईंनी महिनाभर वहीत लिहून ठेवले. त्या वहीमुळे डॉक्टरांचेही काम सोपे झाले. लोह, कॅल्शियम, बी-12 आणि इतर जीवनसत्त्वे मात्र जन्मभर घ्यायची आहेत. बरे वाटले म्हणून ती सोडायची नाहीत. उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, पोटात जबर कळ किंवा ताप असेल, शौच काळे होत असेल, तर वही बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.

आज ताईंचे वजन 79 किलो आहे. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या आहेत. ताई पूर्ण पाळी करतात, पुतणी शेवटच्या वर्षाला आहे.

भगिनींनो, आपल्या बायका ताप सांगतात, डोके दुखते ते सांगतात. संडासचा त्रास मात्र पोटात ठेवतात. घरात असे ऑपरेशन झालेले कुणी असेल तर "आज काय खाल्ले?" एवढे विचारून थांबू नका. "पचले का? शौचाला कसे झाले?" हेही विचारा आणि ऐकताना हसू नका.