तक्रारीची स्तोत्रं

ताईच्या दुखण्याला नाव मिळेपर्यंत तेल, काढे, संधिवाताच्या गोळ्या असं सगळं होऊन गेलं होतं. नगरच्या आमच्या चर्चमध्ये ती रविवारी पेटी वाजवायची. आधी करंगळीनं पट्टी दबेना, मग डाव्या हाताला भाता जड झाला. पुण्यात नसांची तपासणी झाली तेव्हा कळलं, मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. हात जातात, पाय जातात, बोलणं जातं, गिळणं जातं. समज मात्र बहुतेकांची शाबूत राहते. रिल्युझोल नावाची गोळी आहे, तिनं रोगाची चाल थोडी मंदावते इतकंच. आणि हा रोग याच माणसाला का झाला, हे बहुतेक वेळा डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

डॉक्टरांना जे ठाऊक नव्हतं ते आमच्या मंडळीत पुष्कळांना ठाऊक होतं. देव आपल्या लाडक्यांनाच पारखून घेतो, असं एक जण सांगून गेले. एका बाईंनी उशाशी बसून, काही पाप कबूल करायचं राहिलंय का, असं अगदी मऊ आवाजात विचारलं. परगावचे एक प्रचारक ताईच्या कपाळाला तेल लावून गेले आणि गुण आला नाही तेव्हा विश्वास कमी पडल्याचा निरोप त्यांनी पाठवला. ही माणसं वाईट नव्हती. डबे आणायची, औषधं आणून द्यायची. पण कारण सांगितल्याशिवाय त्यांच्यानं उठवत नसे.

अशाच एका संध्याकाळी, प्रार्थना संपून चहा चालला असताना, माझ्या भाच्यानं, ताईच्या मुलानं, मोबाइलवर एक इंग्रजी गाणं लावलं. मुद्दाम मोठ्यानं. ‘डिअर गॉड’, इंग्लंडातल्या स्विंडन गावच्या एक्सटीसी या बँडचं, १९८६ सालचं. अँडी पार्ट्रिजनं लिहिलेलं हे गाणं आधी दुसऱ्याच एका गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून तेच वाजवायला घेतलं आणि ते गाजलं. देवाला लिहिलेलं पत्र आहे ते. सुरुवात एका लहान मुलीच्या आवाजात होते, त्यामुळे क्षणभर संडे स्कूलचं गाणं वाटतं. मग पार्ट्रिज स्वतः गायला लागतो. उपासमार, रोगराई, देवाच्या नावानं होणाऱ्या मारामाऱ्या यांचा पाढा वाचतो आणि मी तुला मानत नाही, असं बजावतो.

इंग्रजी कळणाऱ्यांचे चेहरे पडले. “बंद कर रे ते,” कुणीतरी म्हणालं. गंमत म्हणजे आमचा तरुण संघ एरिक क्लॅप्टनचं ‘टिअर्स इन हेवन’ गिटारवर बिनदिक्कत गातो. क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या इमारतीच्या ५३व्या मजल्यावरून पडून गेला, त्याच्या दुःखातून आलेलं ते गाणं. पण त्यात स्वर्ग आहे, म्हणून चालतं. बापाचं दुःख चालतं, जाब चालत नाही.

ताई तेव्हा डोळ्यांनी बोलत होती. पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता केला होता. आपण ओळींची पहिली अक्षरं म्हणत जायची, क, च, ट, त, प, य. हवी ती ओळ आली की ती डोळे मिटायची. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, मग काना, वेलांटी, उकार. जोडाक्षरं आम्ही सोडूनच दिली होती. ऱ्हस्व-दीर्घाचं तर नावच नको, आणि ती एके काळी शाळेत मराठी शिकवायची! त्या दिवशी भाच्यानं तक्ता धरला. प, र, त. मग ल, काना, व.

परत लाव.

गाणं दुसऱ्यांदा संपेपर्यंत पाहुणे निघून गेले होते. “आवडलं?” मी विचारलं. तिनं दोनच अक्षरं दिली: खरं. मग तिला आकडे हवे होते. आठ, पुन्हा आठ.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र. दीडशे स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रं थोडीथोडकी नाहीत, जवळपास तिसरा हिस्सा भरेल. पण त्यांतली बहुतेक शेवटाकडे वळतात, रडून झालं की भरवसा, आभार. ८८वं वळत नाही. रात्रंदिवस हाका मारणारा तो माणूस, माझी जवळची माणसं तूच माझ्यापासून तोडलीस, असं देवाला तोंडावर सांगतो आणि स्तोत्र अंधारातच संपतं. आमच्या उपासनेत ते कधी वाचलेलं मला आठवत नाही. दिलासा देणारं २३वं मात्र सगळ्यांना पाठ.

मी भाच्याला म्हटलं, बघ, तुझा पार्ट्रिजही देवाला नाकारताना पत्र त्यालाच लिहितो. “मामा, ही वकिली झाली,” तो म्हणाला. “स्तोत्र लिहिणाऱ्याला निदान कुणीतरी ऐकतंय असं वाटत होतं. याला तसं वाटत नाही. दोघांना एका पंगतीत बसवू नका.” यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, आजही नाही.

रात्री ताईजवळ माझी पाळी असायची. त्या रात्री बायबलातलं ईयोबाचं पुस्तक काढलं. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र संकटात सापडलेल्या ईयोबाला भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. तोवर सगळं उत्तम. मग तोंडं उघडतात. देव न्यायी आहे, तेव्हा तूच काहीतरी केलं असशील, हा त्यांचा सूर. ईयोब मात्र देवालाच कोर्टात खेचायची भाषा करतो. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच, असं त्यांना सुनावतो. ‘का’चं उत्तर मात्र तो ईयोबालाही देत नाही.

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइस यांनी १९४० मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ लिहून दुःखाचा प्रश्न मुद्देसूद सोडवला होता. १९६० मध्ये त्यांची बायको कॅन्सरनं गेली. पुढच्याच वर्षी ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ आलं, तेही एन. डब्ल्यू. क्लार्क या टोपणनावानं, आणि त्यात दार बंद करून बसलेल्या देवावरचा संताप आहे. पहिलं पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं होतं, पटलंही होतं. ताईच्या खोलीत मात्र वाचता आलं ते दुसरंच.

खरं तर आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना यासाठी स्विंडनपर्यंत जायची गरजच नव्हती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत. आणि तुकाराम म्हणजे दुष्काळात बायको गमावलेला, विठोबाशी कडाकडा भांडणारा, एका अभंगात तर आपल्यापुरता देव उरलाच नाही असं म्हणून मोकळा झालेला माणूस. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. टिळकांमुळे आमच्या उपासनेत अभंग आले, भजनं आली. भांडण तेवढं आम्ही पुलापलीकडे ठेवून आलो.

मार्काच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरचा येशू २२व्या स्तोत्राच्या सुरुवातीचा प्रश्न मोठ्यानं विचारतो, देवानं मला का टाकलं हा. त्या दुपारी त्याला उत्तर मिळत नाही. माझा विश्वास तिथं टिकून आहे. ज्याला जाब विचारायचा त्यानंच तो जाब विचारलेला आहे. यानं ताईच्या पेशी का मेल्या ते कळत नाही, आणि भाच्याला हे पुरत नाही. मला पुरतं. रोज नाही.

ताई गेली. अंत्यविधीला काय वाचायचं ते तिनं तक्त्यावर सांगून ठेवलं होतं. पाळकसाहेब कचरले, जोडीला २३वंही घेऊ म्हणाले. आई नुसतं ८८ म्हणाली होती, असं भाच्यानं सांगितलं. मग त्यांनी तेवढंच वाचलं, आणि चांगलं वाचलं. त्यानंतर भाचा चर्चला आलेला नाही. मीही त्याला बोलावलेलं नाही. गाणी पाठवतो आम्ही एकमेकांना.

अशा घरी प्रार्थनेला जाणार असाल तर जरूर जा. कारण मात्र सांगू नका. सक्शन मशीन कसं चालवायचं ते घरच्यांकडून शिकून घ्या आणि एखाद्या रात्रीची पाळी मागा. घशात साचलेली लाळ रात्रीतून कितीदा तरी ओढावी लागते, आणि घरच्यांना झोप हवी असते.