पाण्याची बाटली घेतली काय?

कारकुनाच्या घरात बाहेरगावचा दौरा निघाला म्हणजे जातो एकच माणूस, पण दोन दिवस आधीपासून धावपळ अख्ख्या घराची होते. साहेब लोकांचं बरं असतं. त्यांची बॅग म्हणे कायम भरलेलीच असते. आमच्या घरात चांगली म्हणावी अशी बॅग एकच, आणि ती दौरा नसतो तेव्हा रिकामी बसत नाही. कधी तीत हिवाळ्याची पांघरुणं असतात, कधी धाकट्याचं क्रिकेटचं सामान. मागच्या वेळी मुंबईच्या मुख्य कचेरीत कागदपत्रं घेऊन जायचं होतं, तेव्हा ती माळ्यावरून काढली तर आतून दोन फुटके चेंडू, एक ओलं मोजं आणि मागच्या भीमजयंतीचा निळा पट्टा निघाला. पट्टा सापडला म्हणून धाकटा खूश, आणि वास गेला पाहिजे म्हणून आमच्या आयुष्यमती बॅग घेऊन गच्चीवर!

वाळवून खाली आणली तर चेन लागेना. अर्ध्यावर येऊन अडायची. थोरलीनं तेल लावून पाहिलं. शेवटी आमच्या मायनं देव्हाऱ्यातून नव्हे (तो आमच्या घरात नाही, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको), तथागत आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोरून उरलेली मेणबत्ती उचलली आणि चेनीवर खालून वर घासली. चेन सरसर धावली. शाळेत न गेलेल्या बाईला हे कुठून कळलं ते तिलाच माहीत.

गाडी रात्रीची सेवाग्राम एक्सप्रेस, म्हणजे दिवस हातात आहे असं वाटतं. पण त्याच दिवशी सकाळी नळाला पाण्याची धार करंगळीएवढी. दुपारी पुऱ्यांची कणीक मळून झाली आणि कढईत तेल तापायच्या आत सिलिंडर संपलं. शेजारच्या घरातलं भरलेलं सिलिंडर धाकट्यानं आणि मी सरकवत आणलं. तेवढ्यात इस्त्रीवाल्याचा पोरगा कपडे घेऊन आला, तर कार्यालयात घालायच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर खमंग तपकिरी डाग. पोरगा बारा-तेरा वर्षांचा. रागवायचं कोणावर? घरातला दुसरा शर्ट काढला. त्याला बटन नव्हतं. बटन लावायला सुई मिळाली, दोरा मिळाला नाही. तो शाळेच्या प्रकल्पात गेला होता.

यात भर म्हणजे येणारी माणसं. इंदोऱ्यासारख्या वस्तीत थोडंफार सामाजिक काम करणारा माणूस मुंबईला चालला ही बातमी त्याच्या तिकिटाआधी पक्की होते. एक गृहस्थ मुलीच्या जात पडताळणीची फाईल घेऊन आले. ते काम नागपूरच्याच समितीत व्हायचं, मुंबईत त्याचं काही नाही, हे समजावण्यात अर्धा तास गेला. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स देऊन गेले. तेवढ्यात मागल्या गल्लीतली म्हातारी आजी काठी टेकत आली. पदराच्या गाठीतून दहा रुपये सोडले आणि म्हणाली, "भाऊ, चैत्यभूमीवर माह्या नावानं मेनबत्ती लावजो. मले आता गर्दीत जानं होत नाई." असे दहा-दहा, वीस-वीस रुपये देणाऱ्या बाया पाच झाल्या. तो हिशेब मी वेगळ्या पाकिटात ठेवतो. कार्यालयाच्या प्रवासभत्त्याचा हिशेब चार दिवस उशिरा दिला तरी चालतो, पण हा चालत नाही. परत आलो की आजी विचारतेच, "लावली?"

हे सगळं पाहून बाजूच्या घरी पाहुणी आलेली एक बाई म्हणाली, "सकाळपासून एवढे अडथळे येऊन राहिले, म्हणजे जानं बरं नाई जी. त्यात निघताना कोनी शिंकलं होतं." शिंकला होता तो धाकटा, आणि तो बॅगेच्या धुळीनं शिंकला होता. बाईचं मन दुखवायचं नव्हतं, पण मायनं उत्तर दिलंच. म्हणाली, "बाई, शिंकीनं गाडी थांबत असती तं रेल्वेवाल्यायनं सिग्नल कायले लावले असते?"

शकुनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. जातकांमध्ये 'नक्खत्त जातक' म्हणून एक कथा आहे. शहरातल्या एका घरानं खेड्यातल्या मुलीशी सोयरीक ठरवली, दिवसही ठरवला. मग आपल्या घरी येणाऱ्या आजीवकाला विचारलं, आजचा दिवस कसा? आपल्याला आधी विचारलं नाही याचा त्याला राग आलेला, म्हणून त्यानं सांगितलं, आज नक्षत्र वाईट आहे. वऱ्हाड निघालंच नाही. इकडे खेड्यातल्या लोकांनी वाट पाहिली आणि त्याच मांडवात मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी शहरवाले पोचले, तेव्हा भांडणाशिवाय हाती काही लागलं नाही. मी ही गोष्ट विहारात मुलांना सांगतो तेव्हा ती पोटभर हसतात. मोठी माणसंही हसतात, आणि त्यातले काही जण घरी जाऊन शनिवारी निघावं की रविवारी याचा विचार करतात! सिलिंडर संपतं ते त्यात गॅस उरला नाही म्हणून. दोन महिने झाले होते, ते संपणारच होतं. आमच्या घरी निघण्यापूर्वी त्रिशरण-पंचशील होतं, मायच्या पाया पडणं होतं आणि रिक्षा बोलावली जाते. मुहूर्त म्हणायचा तर गाडीच्या वेळापत्रकाचा.

पण मायची एक गोष्ट मात्र चुकत नाही. मी चपला घालायला लागलो की ती स्वयंपाकघरातून हाक मारते, "पान्याची बाटली घेतली काय रे?"

एक नव्हे, दोन बाटल्या. एक स्टीलची, एक प्लॅस्टिकची, दोन्ही काठोकाठ. थोरली आता कॉलेजात आहे. ती म्हणते, "आजी, स्टेशनवर विकत बाटली मिळते, गाडीतसुद्धा मिळते." माय ऐकून घेते आणि बाटली बॅगेत कोंबते. त्यावरून पुऱ्या, आलूची कोरडी भाजी, जवसाची चटणी.

थोरलीला वाटतं आजीला पैसे वाचवायचे आहेत. पैसे वाचवायचे असतातच, ते नाकारत नाही. पण मायचं लहानपण कुही तालुक्यातल्या खेड्यात गेलं. बापासोबत बाजाराला गेली की हॉटेलवाला पाणी वरून ओंजळीत ओतायचा. चहाची कानतुटकी कपबशी वळचणीला खोचलेली असायची. पिऊन झालं की आपणच धुवून पुन्हा तिथेच खोचायची. ऑक्टोबर 1956 मध्ये माय सहा वर्षांची होती. माझी आजी तिला घेऊन गावच्या लोकांबरोबर बैलगाडीनं दीक्षाभूमीला आली. पांढरं लुगडं, भाकरीचं गाठोडं आणि पाण्याची घागर! रस्त्यात गावं लागत होती, विहिरी लागत होत्या, पण घागर घरचीच. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबरला लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तो सोहळा मायला धूसर आठवतो. गाडी हलली की घागरीतलं पाणी डचमळायचं आणि आजी तिच्या तोंडावर हात धरायची, हे मात्र तिला स्पष्ट आठवतं.

बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत 1901 सालचा एक प्रवास लिहिला आहे. आपल्या मुलांना तो शाळेच्या धड्याइतका माहीत असायला हवा. त्यांचे वडील सुभेदार रामजी तेव्हा कोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. तिथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदणं चालू होतं. भीवा, त्यांचे थोरले भाऊ आणि वारलेल्या बहिणीची मुलं साताऱ्याला आत्याजवळ. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावलं. मग काय विचारता, घरात नुसता आनंद! नवे सदरे शिवले, झगमगीत टोप्या घेतल्या, नवे जोडे, रेशमी काठाची धोतरं. आगगाडी कोणी पाहिली नव्हती. अमुक दिवशी निघतो असं पत्र वडिलांना टाकलं. संध्याकाळी मुलं मसूर स्टेशनावर उतरली तर घ्यायला कोणी नाही. पत्र पोचलं होतं, पण नोकर ते वडिलांना द्यायचंच विसरला होता.

घरोघरी होणारी ही साधी चूक. आपल्याकडे आता फोनवर निरोप जातो, तरी होते. दुसऱ्या कोणाच्या मुलांच्या बाबतीत स्टेशनमास्तरनं हसून गाडी करून दिली असती. या मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहराच पालटला. भाडं दुप्पट द्यायचं आणि बैल मुलांनी हाकायचे, या अटीवर एक गाडीवाला कबूल झाला आणि स्वतः पायी चालला. डब्यात जेवण भरपूर होतं, पण पाणी नव्हतं. जकातनाक्यावर मागितलं तर तेही मिळालं नाही. नव्या टोप्या घातलेली ती मुलं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. पुढे 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर त्यांतल्याच एकानं ओंजळ भरली.

मायनं हे पुस्तक वाचलेलं नाही. थोरलीनं तिला वाचून दाखवलं तेव्हा ती मसूरपर्यंत गप्प होती, मग एवढंच म्हणाली, "घरून पानी नाई देल्लं कोनी त्यायले?" तेव्हापासून थोरली बाटली बॅगेतून काढत नाही.

बाबासाहेबांच्या प्रवासातली आणखी एक छोटी चुकामूक आहे. 1913 च्या सुरुवातीला ते बडोद्याला नोकरीत होते. वडील आजारी असल्याची तार आली आणि ते निघाले. वाटेत सुरत स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. ते मुंबईला उशिरा पोचले. वडिलांचा जीव जणू त्यांच्यासाठीच थांबला होता. 2 फेब्रुवारी 1913 ला रामजीबाबा गेले. मी बाहेरून येताना घरच्यांसाठी काही घ्यायला प्लॅटफॉर्मवर उतरतो तेव्हा हे हमखास आठवतं, आणि मी डब्याच्या दारासमोरच्याच गाड्यावरून घेतो, चव कशीही असो.

इथवर जाणाऱ्या पुरुषाचं झालं. यंदा मात्र आमच्या आयुष्यमतींना चार दिवस प्रशिक्षणासाठी अमरावतीला जायचं आलं. त्या अंगणवाडी सेविका आहेत. तेव्हा लक्षात आलं की माझा दौरा निघतो तेव्हा घर मला तयार करून पाठवतं, आणि बाईचा दौरा निघतो तेव्हा बाई घराला तयार करून जाते. चार दिवसांच्या चटण्या झाल्या. डाळ-तांदूळ मोजून डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. मायच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ अशा आठ पुड्यांत बांधल्या. दूधवाला, पाण्याची वेळ, धाकट्याची चाचणी परीक्षा, सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. स्वतःची बॅग रात्री अकरापर्यंत उघडलीसुद्धा नव्हती. म्हणून थोरलीनं आणि मी भरली. तिनं ती पाहिली, शांतपणे पलंगावर उलटी केली आणि पुन्हा भरली.

20 जुलै 1942 ला याच नागपुरात, मोहन पार्कवर, दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं की, समाज किती पुढे गेला हे मी त्यातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो. बायको नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची व्हावी, दासी होऊ नये, हेही सांगितलं. परिषदेचे ठराव आपण वाचतो, भाषण वाचतो. त्या बाया घर कोणावर टाकून आल्या, मागे चूल कोणी पेटवली, पोरांना कोणी सांभाळलं, हे कुठे वाचायला मिळत नाही. कोणाची तरी सासू, जाऊ, शेजारीण मागे राहिली असेल. कोण जाणे, एखादा नवराही राहिला असेल.

निघायच्या सकाळी पावसानं धरलं. ठरवलेला रिक्षावाला आलाच नाही. दुसरा मिळाला, तो चौकातच बंद पडला. मी आणि धाकट्यानं ढकलला. गणेशपेठच्या बसस्टँडवर पोचलो तर अमरावतीची बस लागलेली. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आहे, त्यामुळे गर्दी ही! तिच्यासारख्या सात-आठ सेविका होत्या. त्यांनी खिडकीची जागा धरून ठेवली होती. बसमधून तिनं बॅगेची बाजूची चेन उघडली तर आत दोन बाटल्या, एक स्टीलची, एक प्लॅस्टिकची. मायनं पहाटेच भरून ठेवल्या होत्या. हाक मारायची वेळ येऊच दिली नव्हती.

घरी आलो तर माय खुर्ची ओढून गॅसजवळ बसलेली. थोरली पोळ्या लाटत होती आणि धाकटा फ्रिजवरचा कागद मोठ्यानं वाचत होता. दुपारी पोचल्याचा फोन आला. मी विचारलं, प्रवास कसा झाला? ती म्हणाली, "झाला. तुम्ही सिलिंडरचा नंबर लावला काय?"