पाम बीचचा कल

पाम बीच मार्गाला बीच नाही. वाशीहून बेलापूरकडे निघालं की उजव्या हाताला खारफुटी, तिच्यापलीकडे चिखल आणि त्याच्याही पलीकडे ठाण्याची खाडी. नावातली पामची झाडं आहेत, पण त्यांची सावली धावणाऱ्याच्या डोक्यावर कधी येत नाही. दहाएक किलोमीटरचा हा रस्ता मला गेली अकरा वर्षं ओळखतो. मला मात्र त्याची खरी ओळख गेल्या पावसाळ्यानंतर झाली, आणि तीही डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने.

पहिल्या भेटीत तो फार मोकळा वाटतो. समोर दोन-दोन किलोमीटर दिसतं. वळण नाही, चढ नाही. म्हणूनच गाड्या इथे बेफाम सुटतात आणि म्हणूनच नवखा धावणारा पहिल्या तीन किलोमीटरमध्ये दम घालवून बसतो. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट वेसण घालतो. चढाला पोटऱ्या आणि मागचे स्नायू राबतात, उताराला मांड्या. काम वाटून घेतलं जातं. पाम बीचवर पाळी बदलत नाही. तेच पाऊल, तसंच, त्याच कोनात, हजारो वेळा.

त्या कोनाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

माझं दुखणं मोठं नव्हतं, चिवट होतं. धावणाऱ्यांच्या तोंडी त्याला आयटी बँड म्हणतात. कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून खाली येऊन गुडघ्याखाली नडगीला चिकटणारी ही जाड, चिवट पट्टी. पूर्वी समजत की ती हाडावर घासते. आता शरीररचनेचे अभ्यासक म्हणतात की तिच्याखालचा चरबीचा मऊ थर दाबला जातो. गुडघा जरासा वाकलेला असताना, म्हणजे पाऊल टेकल्याच्या क्षणीच, ती कळ उठते. चालताना काही नाही. जिना उतरताना थोडं. धावायला लागलं की पहिले आठ-नऊ किलोमीटर सगळं छान, आणि मग कुणी बोटाने दाबावं तशी एकाच जागी कळ. थांबलं की गायब. त्यामुळे घरच्यांनाही पटत नाही आणि आपल्यालाही.

फिजिओने कमरेचे व्यायाम दिले, लाँग रन कमी करायला सांगितलं आणि एक प्रश्न विचारला: "मॅडम, रस्त्याच्या कुठल्या बाजूने धावता?"

मी म्हटलं, डावीकडून. जाताना वाशी ते नेरुळ डाव्या कडेने. येताना पलीकडच्या बाजूने, पुन्हा डाव्याच कडेने. ही माझी वर्षानुवर्षांची सवय.

"म्हणजे जातानाही डावा पाय खाली आणि येतानाही डावाच," तो म्हणाला.

मला काही ते उमगलं नाही. पाम बीच तर पाटासारखा सपाट! हे मी आमच्या सकाळच्या गटातल्या काकांना सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य रस्ते आणि नाले बांधण्यात गेलं. ते हसले नाहीत. सारसोळेच्या सिग्नलजवळ, गाड्या थांबलेल्या असताना, त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि दुभाजकाजवळच्या डांबरावर तिरकी केली. पाणी क्षणभर गोल साचलं. मग त्याला एक जीभ फुटली. ती जीभ पांढऱ्या पट्ट्यापाशी अडली, पट्ट्याच्या जाडीएवढी फुगली आणि तो ओलांडून सरळ डाव्या कडेच्या गटाराकडे निघाली. घाई नव्हती तिला, पण दिशेबद्दल शंकाही नव्हती.

"अगं, रस्ता सपाट केला तर पाणी जाईल कुठे?" काका म्हणाले. "आपल्या पावसात शंभराला दोन-अडीच एवढा कल द्यावाच लागतो."

शंभराला अडीच. म्हणजे तीन पदरांच्या रस्त्यात दुभाजकापासून कडेपर्यंत जेमतेम वीतभर. माझ्या दोन पावलांमध्ये चार बोटांचं अंतर धरलं तर दोन मिलिमीटरसुद्धा नाही. डोळ्यांना हे कधीच दिसणार नाही. पण एका हाफ मॅरेथॉनमध्ये वीसेक हजार पावलं पडतात, त्यातली निम्मी डाव्या पायाची. त्या प्रत्येक पावलाला रस्ता जरासं बाहेर कलंडवतो, आणि कमरेपासून खाली आलेली ती पट्टी दर वेळी तेवढीच ताणली जाते.

काकांनी मग मला या रस्त्याचं मूळ सांगितलं. १९७० साली सिडको झाली आणि नवं शहर उभारायला घेतलं तेव्हा इथे खाजण, भातखाचरं आणि मिठागरं होती. सारसोळे, करावे, बेलापूर ही आगरी-कोळ्यांची गावं त्यांच्या काठाने होती आणि आजही आहेत. शहराची बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या रेषेपेक्षा खाली. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव खोदले. भरती आली की झडपा मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत उतरतं. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी गाठ पडले की तलावही अपुरे पडतात. अशा जागी रस्त्याने पाणी पाठीवर थांबू देऊन चालत नाही. त्याचा कल हा त्याचा स्वभाव आहे, आणि या शहरात तो स्वभाव नसता तर जून ते सप्टेंबर आम्ही सगळेच गुडघाभर पाण्यात उभे असतो.

हे ऐकल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला. गुडघा मात्र तसाच राहिला.

डिसेंबरातल्या शर्यतीचं बिब मी आधीच घेतलं होतं. फिजिओशी बोलून एक अट ठरवली: कळ सहा किलोमीटरच्या आत आली तर बाजूला व्हायचं. पहाटे पावणेसहाला सुटलो. वाशीहून बेलापूरकडे जाणारी एकच बाजू बंद केलेली, मधोमध कोन मांडलेले. जाणारे कडेच्या अंगाला, येणारे दुभाजकाच्या अंगाला. मोराज सर्कल अंधारातच गेलं. सारसोळेला शाळेची मुलं मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी देत होती. चाणक्यच्या आसपास खाडीचा ओला, खारट वास आला. नऊ किलोमीटरची पाटी दिसली आणि शंभरेक पावलांत ती कळ आली. त्याच जागी, तेवढीच.

मी चालायला लागले. एनआरआय ते किल्ला जंक्शन हा सबंध पट्टा मी थोडं धावत, थोडं चालत काढला. महापालिका मुख्यालयाचा घुमट उजेडात येत होता. मागे येणाऱ्या रुग्णवाहिकेकडे मी दोनदा पाहिलं. लाज वाटण्याचं काही कारण नव्हतं, तरी डोळे भरून आले. चार महिने पहाटे साडेचारला उठले होते मी.

मग वळण आलं. कोनाला वळसा घातला, तोंड वाशीकडे झालं आणि मी पुन्हा धावायला घेतलं, कारण चालून पाय आखडायला लागले होते. पाचशे मीटर गेल्यावर जाणवलं की काहीतरी बदललंय. कळ होती, पण तिचं टोक बोथट झालं होतं. मला वाटलं, मनाचे खेळ. मग एकदम ते बाटलीतलं पाणी आठवलं. रस्त्याची बाजू तीच होती, फक्त माझं तोंड उलटीकडे होतं. गटार आता माझ्या उजव्या हाताला होतं. आता उजवा पाय खाली होता. मघापर्यंत ज्याला खाली ओढत होता, त्याच डाव्या पायाला रस्ता आता हलकेच वर धरून होता.

डावीकडे खाडीत भरती चढत होती. चिखल बुडाला की रोहित पक्षी खाडीतून नेरुळच्या पाणथळीत येतात. त्यांची एक रांग रस्त्यावरून अगदी खालून गेली, माना लांब, पाय मागे ताणलेले, पंखांखालचा गुलाबी रंग नुकताच उजळलेला. आमच्यातले काही जण थांबून बघत राहिले. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरुवात करणं जमलं नसतं.

सारसोळेला उजवा घोटा कुरकुरायला लागला. त्याची पाळी आली होती, अंगावर साडेपाच-सहा किलोमीटर उरले होते. मी दुभाजकाच्या कडेची ओळ धरली आणि पावलं छोटी केली. पाण्याच्या टेबलाशी कुणीतरी कागदी पेले पालथे केले होते. त्यातलं पाणी माझ्या पुढ्यातून, कोनांच्या मधून, उजवीकडे वाहत चाललं होतं.