खतावणीत न चढलेली उचल

पुण्यात मार्केट यार्डाच्या गूळ-भुसार विभागात वडील दिवाणजी होते. त्यांच्या पेढीचे मालक बिबवेवाडीत आमच्याच गल्लीत राहायचे. मी त्यांना काका म्हणायचो. टेनिसमध्ये गुण कसे मोजतात हे काकांना शेवटपर्यंत नीट समजलं नाही, पण हा खेळ खेळणाऱ्याला कसा सुकवतो हे त्यांना माझ्याआधी कळलं.

एकदा त्यांनी मला सगळा हिशेब मांडायला लावला. मी सांगितलं, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. एकेरीच्या विजेत्याला २,१६०, मेन ड्रॉमध्ये पहिलाच सामना हरला त्याला १५६. क्वालिफाइंगमध्ये गारद झालो तर हात हलवत परत. विमान, व्हिसा, हॉटेल, रॅकेटचं गटिंग, सगळं पदरचं. क्रमवारीत नाव यायला पॉइंट हवा, आणि पॉइंटसाठी मेन ड्रॉमध्ये एक तरी सामना मारायला हवा.

"पगार कोण देतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग हे शेतकऱ्याचंच झालं. हंगाम येईपर्यंत उचल लागणार."

शेतकऱ्यांना ते उचल देत आणि माल विकला की पट्टीतून वळती करून घेत. मला दिलेली मात्र त्यांनी कधी वळती केली नाही. अंताल्या, मोनास्तीर, शर्म अल-शेख, जिथे जवळजवळ दर आठवड्याला अशा स्पर्धा होत तिथे मी त्यांच्या पैशावर राहिलो. वडील ताठ होते. त्यांनी ती रक्कम स्वतःच्या नावे टाकली. काकांनी खतावणी पाहिली आणि ती स्वतःच्या घरखर्चात फिरवायला लावली. वडील दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

बालेवाडीत २०१८पासून २०२३पर्यंत एटीपीची स्पर्धा व्हायची, तेव्हा मी काकांना एकदा घेऊन गेलो. त्यांचं लक्ष सामन्यापेक्षा खेळाडूंच्या बॅगांकडे. "याच्यामागे कोण आहे?" प्रत्येकाबद्दल हाच प्रश्न. मला तो आजही सगळ्यात नेमका वाटतो. सप्टेंबर २०२३मध्ये भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू सुमित नागल याने खात्यात ९०० युरो उरल्याचं उघडपणे सांगितलं. त्याच महिन्याच्या अखेरीस ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. जानेवारी २०२४मध्ये नागलने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१वा मानांकित बुब्लिक याला हरवलं आणि दुसऱ्या फेरीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर त्याचे झाले. सोनं आणि डॉलर पेपरात येतात. आधीची वर्षं कुणी ओढली, ते सहसा येत नाही.

माझा हंगाम आलाच नाही. खेळ थांबवून मी मुलांना शिकवू लागलो, थोडे पैसे साठवले आणि ते घेऊन काकांच्या पेढीवर गेलो. त्यांनी पाकीट उघडलंच नाही.

"तुझं पहिलं बक्षीस किती होतं?"

"१५६ डॉलर. कर कापण्याआधी."

"रुपयात?"

मी आकडा सांगितला. तेवढेच पैसे त्यांनी मोजून घेतले, बाकीचे माझ्याकडे सरकवले आणि वडिलांना म्हणाले, "दिवाणजी, पोराच्या नावे जमा टाका."

वडिलांनी माझ्या नावाचं नवं पान उघडलं. त्यावर जमेची ती एकच नोंद आहे, नावेची बाजू कोरी.